पोकरवर पोट भरायचंय? आधी एवढं सांभाळ

नोकरी इतक्यात सोडू नकोस. कॅश गेमसाठी (थेट पैशांवरचा, कधीही उठता येणारा खेळ) किमान ४० बाय-इन (एकदा टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) बाजूला हवेत, आणि सहा महिन्यांचा घरखर्च त्याहून वेगळा. भाड्याचे पैसे टेबलावर आले की भीतीपोटी चुकीचे फोल्ड होतात, म्हणजे चांगले पत्तेही टाकले जातात.

नवशिके बहुतेक जास्त हात (वाटून आलेले पत्ते) खेळून बुडतात. नऊ जणांच्या टेबलावर पाचातले चार हात सरळ टाकून दे.

गणित पक्कं कर. समज, टर्नवर (टेबलावरचा चौथा पत्ता उघडल्यावर) हातातले नि टेबलावरचे मिळून तुझे बदामाचे चार पत्ते जमलेत; पाचवा आला की फ्लश. पॉट (मधे जमलेले पैसे) १०००, समोरच्याने ५०० लावले. ५०० भरून एकूण २००० साठी खेळायचं तर २५ टक्के शक्यता हवी. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९, म्हणजे जेमतेम २० टक्के. फ्लश लागल्यावर आणखी पैसे निघणार नसतील तर सोड.

भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झालाय, त्यामुळे गोव्याच्या कॅसिनोत जाऊन खेळायचं तर प्रवास-राहण्याचा खर्चही हिशेबात धर.