वाचक विचारतात : अमेरिकेच्या लांब रायफली

प्रश्न : अमेरिकेतल्या जुन्या लाँग रायफलींचा नेम अचूक असे म्हणतात. नळी लांब असल्यामुळे का?
– एक वाचक, गिरगाव

लांबीला जरा जास्तच श्रेय मिळतं. साधारण ४२ ते ४६ इंच नळीमुळे नेम धरायची टोकावरची माशी आणि मागची नेमखाच यांच्यातलं अंतर वाढतं, त्यामुळे नेम धरताना होणारी चूक कमी होते. काळ्या दारूला जळायलाही वाव मिळतो. पण गोळी सरळ जाते ती आतल्या पिळदार खाचांमुळे, आणि त्या हाताने कापलेल्या असत.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, जर्मन आणि स्विस कारागीर स्थायिक झाले. मायदेशातली त्यांची येगर रायफल आखूड आणि जाड गोळीची. रानात महिनोनमहिने फिरणाऱ्या शिकाऱ्याला शिसं आणि दारू स्वतःच वाहून न्यावी लागे, म्हणून इथे नळी लांबत गेली आणि गोळी लहान होत .४५ इंचाच्या आसपास आली.

नळी घडवताना लोखंडाची पट्टी तापवून सळीभोवती वळवत, टाकणखार टाकून कडा एका वेळी इंच-दोन इंच अशा सांधत. ठोकून झालं की सळी लगेच काढायची, नाहीतर तीच आत चिकटून बसते. सांध्यात मळी राहिली तर बाहेरून पत्ता लागत नाही. आतून भोक साफ करताना कधी रेघ दिसते. नाही दिसली, तर पुढे बार काढताना नळी त्या उभ्या शिवणीवरच फाटते. आपल्याकडच्या उत्तम तोडेदार (पेटत्या वातीने उडणाऱ्या) बंदुकांच्या नळ्यांत पट्टी सर्पिल गुंडाळलेली असे. तिथे सांधा तिरका फिरत जातो, त्यामुळे नळीला उभी फाडू पाहणारा दाब एकाच रेषेवर येत नाही. या बाबतीत आपले लोहार पुढे होते, असं आमचं मत.

खाचा कापायला लाकडी बाकावर एक जाड दंडगोल असे, त्याच्या अंगावर पिळाच्या चऱ्या कोरलेल्या. दंडगोल ओढला की तो फिरत पुढे येतो आणि त्याला जोडलेल्या दांड्याच्या टोकाचं बारीक पोलादी दातं नळीत तोच पिळ उतरवतं. एका ओढीत निघतो तो केसाएवढा कीस. दातं कापेनासं झालं की त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा आणि पुन्हा ओढायचं. बहुधा सात खाचा; सात ठेवल्या की प्रत्येक खाचेसमोर उंचवटा येतो. कपटे घाईने वाढवले तर दातं अडकून तुटतं किंवा एक खाच बाकीच्यांपेक्षा खोल जाते.

एवढं करूनही गोळी सैल असेल तर सगळं फुकट. .४५ च्या नळीला सुमारे .४४ ची गोळी, भोवती चरबी लावलेली कापडाची चकती. कापड खाचांत रुतून गोळीला फिरवतं. भरायला वेळ लागे आणि पुढे संगीन बसत नसे, म्हणून लढाईच्या रांगेत आत खाचा नसलेली साधी मस्केटच सोयीची ठरे.

प्रश्न : चोर बाजारात ‘केंटकी रायफल’ म्हणून पितळी नक्षीची बंदूक दाखवतात. खरी कशी ओळखायची?
– एक वाचक, दादर

केंटकी रायफल हे याच लाँग रायफलीचं दुसरं नाव. बाजारातली बहुतेक भिंतीवरची शोभेची नक्कल असते. दस्ता उजेडात तिरका फिरवून पाहा. खऱ्या दस्त्याच्या कर्ली मेपल या लाकडातले पट्टे कोनानुसार गडद-फिके होतात. रंगवलेले पट्टे जागचे हलत नाहीत. खऱ्या रायफलीच्या कळीतले (बार पेटवणाऱ्या यंत्रणेतले) स्क्रू हाताने कापलेले असल्याने एकाच्या जागी दुसरा सहसा नीट बसत नाही. चकमकीचा घोडा आणि रंजकदाणी (पेटवायची दारू ठेवायची वाटी) नसून टोपीची, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची, निप्पल दिसली, तर लगेच नकली म्हणू नका; एकोणिसाव्या शतकात अशा अनेक रायफली टोपीवर चालतील अशा बदलून घेतल्या गेल्या. झिजलेल्या खाचाही पुन्हा कापत, त्यामुळे आजचा व्यास मूळचाच असेल असं नाही.

नळीत डोळा घालण्याआधी ती रिकामी आहे का ते तपासा. तोंड अंगापासून दूर ठेवून लाकडी गज बाजूने हळू आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावा. टोक रंजकाच्या भोकाच्या (नळीच्या मागच्या टोकाशी ठिणगी आत जायचं भोक) बरंच अलीकडे थांबलं, तर आत जुना बार, म्हणजे भरलेली दारू आणि गोळी, असू शकतो. तो स्वतः काढू नका. काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते.

प्रश्न : अशी बंदूक घरी ठेवायला परवाना लागतो का? पावसाळ्यात काय करावं?
– एक वाचक, मुलुंड

१९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमातली सवलत जुन्या बनावटीच्या आणि दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा हत्याराला आहे. केवळ जुनी म्हणून चालू बंदूक त्यात बसत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा.

मुंबईच्या दमट हवेत भिंतीला टेकवून ठेवू नका, मखमलीच्या पेटीतही नको. कापड ओल धरतं. सुती हातमोजे घालून उचला, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजतात. नळीवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे. तपकिरी रंग घासून चकचकीत करू नका. तो पुष्कळदा कारागिरानेच मुद्दाम आणलेला असतो, आणि एकदा गेला की किंमतही जाते.