ऑपरेशनची तारीख घेण्याआधी रजेचा हिशेब

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात १५ एप्रिलपासून कामाला आहे. पहिलीच नोकरी, पगार १८,०००, ईएसआय कापला जातो. हर्नियाचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये करू म्हणतात, त्यानंतर पाच आठवडे वजन उचलायचं नाही. एवढे दिवस घरी बसलो तर पगाराचं काय? आराम करायला लातूरकडे गावी जाईन म्हणतो.

उत्तर : तुमच्या बाबतीत सगळा खेळ तारखेचा आहे. ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) दवाखान्यातले उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाचे रोख पैसे, म्हणजे आजारपण लाभ, लगेच सुरू होत नाहीत. योजनेत पहिल्यांदाच आलेल्या माणसाचा लाभकाळ, म्हणजे हे पैसे मागता येण्याची मुदत, नोकरीला लागल्यापासून नऊ महिन्यांनी उघडतो. तुमचा उघडेल १५ जानेवारीला. डिसेंबरात ऑपरेशन केलंत तर उपचार होतील, हातात पैसे येणार नाहीत.

दुसरी अट किमान ७८ दिवसांच्या वर्गणीची, म्हणजे ईएसआय कापला गेलेल्या दिवसांची. तुमचा वर्गणीचा काळ १५ एप्रिल ते ३० सप्टेंबर, हे १६९ दिवस होतात. या काळात बिनपगारी खाडे फार झाले नसतील तर ही अट पार झालेली असेल. तरी आयपी नंबर (तुमचा ईएसआयचा विमा क्रमांक) घालून ईएसआयच्या पोर्टलवर जा आणि वर्गणीचे दिवस स्वतः मोजा. मालकाने भरणा केलेला नसणं किंवा दिवस कमी दाखवणं ही आपल्याकडची नेहमीची भानगड आहे. ती ऑपरेशननंतर कळली तर टाके सांभाळत कागद गोळा करावे लागतात.

आता रक्कम. लाभ मिळतो सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के. तुमची त्या काळातली कमाई ९९,६०० च्या आसपास भरते. तिला १६९ ने भागलं की रोजचे ५८९ रुपये, त्याचे ७० टक्के सुमारे ४१२. आजारपणाचे पहिले दोन दिवस लाभातून वगळतात. (आधीच्या आजारपणाचे पैसे घेऊन पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर मात्र हे दोन दिवस कापले जात नाहीत.) म्हणजे ३५ दिवसांपैकी ३३ दिवसांचे, साधारण साडेतेरा हजार रुपये. रविवारही त्यात धरतात. एरवी एवढ्या दिवसांचा पगार २१,००० झाला असता. साडेसात हजारांचा खड्डा पडणार, तो आधीच कुठून भरायचा ते ठरवून ठेवा.

गावी जाण्याचं मात्र जपून करा. लाभ घेणाऱ्याने उपचार चालू असलेली हद्द डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सोडायची नसते. आजारपणाचा दाखलाही एकदाच मिळून भागत नाही. पहिला दाखला, मग साधारण दर आठवड्याला मधला आणि कामावर जाताना शेवटचा, अशी साखळी लागते. बरेच जण टाके काढले की एसटी धरतात आणि मधला दाखला राहून जातो, मग तेवढ्या आठवड्याचे पैसे अडकतात. निघण्याआधी ईएसआयच्या डॉक्टरांना सांगा, परवानगी लेखी घ्या आणि गावाजवळच्या कोणत्या दवाखान्यात दाखवायचं ते त्यांनाच विचारा. खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन करणार असाल तर तिथला कागद हमखास चालेल असं धरू नका. दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचा लागतो.

जानेवारीपर्यंत थांबणं चालेल का, हे सर्जनला विचारूनच ठरवा. हर्नियाचा फुगा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या तर लाभकाळ बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

जुन्या कामगारांसाठीही कॅलेंडर असंच दोन तुकड्यांचं आहे. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. हिवाळ्यात बिनपगारी ले-ऑफमुळे (काम नाही म्हणून घरी बसवल्यामुळे) दिवस भरले नसतील तर पुढच्या जुलै-डिसेंबरमध्ये रोख लाभ नाही. लागोपाठच्या दोन लाभकाळांत मिळून कमाल ९१ दिवस मिळतात. क्षयरोग, कर्करोगासारखे ठरावीक ३४ दीर्घ आजार असतील तर ८० टक्के दराने जास्त मुदतीचा वेगळा लाभ आहे, पण त्याच्या अटीही वेगळ्या.

प्रश्न : पित्ताशयाच्या ऑपरेशनला २० दिवस घरी होते. ऑफिसने आपणहून माझ्या बारा पीएल (साठवलेल्या पगारी रजा) टाकल्या. ईएसआयने त्या बारा दिवसांचे पैसे नाकारले. हा अन्याय नाही का? – अंबरनाथ

उत्तर : नाही. ज्या दिवशी पगारी रजा, त्या दिवशी ईएसआय नाही. एका दिवसाचे पैसे दोन खिशांतून येत नाहीत. मालकाकडून हजेरीची पडताळणी होते तेव्हा मस्टरवर ‘पीएल’ दिसलं की दावा तिथेच तुटतो. पण पैशाच्या दृष्टीने तुमचं नुकसान झालेलं नाही, उलट त्या दिवसांचा १०० टक्के पगार मिळाला. गेली ती साठवलेली रजा. पुढच्या वेळी आधीच लेखी अर्ज द्या : पहिल्या दोन दिवसांना पीएल (तिथं ईएसआय तसंही येत नाही), पुढचे दिवस ईएसआयच्या दाखल्यावर बिनपगारी. उलटा मार्गही चालतो. पीएल भरपूर असतील आणि वर्षअखेरीस वाया जाणार असतील तर त्या आधी वापरून ७० टक्क्यांचा लाभ नंतरच्या दिवसांसाठी ठेवावा. फक्त कोणत्या तारखेला काय, हे ऑफिसला आधी सांगा.

आणि दाखल्यावर असताना कुठेही, अगदी भावाच्या दुकानात गल्ल्यावरसुद्धा, काम करू नका.

प्रश्न : पगार २१,००० च्या वर आहे, ईएसआय नाही. कंपनीचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांचा पगार मेडिक्लेममधून मिळेल ना?

उत्तर : मिळणार नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, बुडालेला पगार नाही. ‘हॉस्पिटल कॅश’ हे जोडकलम असलं तरी ते भरती असलेल्या दिवसांपुरतंच, घरी पडून राहण्याच्या दिवसांचं नाही. वैयक्तिक अपघात पॉलिसीत दर आठवड्याची रक्कम देणारं कलम असू शकतं, पण ते अपघातासाठी. झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही. म्हणजे उरली तुमची रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि वर्षभरात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक पगारी रजा आहे, ती ४५ पर्यंत साठते. आजारपणाची वेगळी रजा कंपनीच्या धोरणावर अवलंबून. एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा : शिल्लक किती, पुढच्या वर्षातली रजा उसनी मिळते का, आणि काही दिवस घरून काम चालेल का.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात शासकीय कार्यालयात लिपिक आहे. गर्भाशयाची शस्त्रक्रिया, ४५ दिवस विश्रांती. अर्जित रजा वापरू की अर्धवेतनी?

उत्तर : अर्धवेतनी (अर्ध्या पगाराची) रजा परिवर्तित करून, म्हणजे पूर्ण पगाराच्या रजेत बदलून घ्या. वैद्यकीय दाखल्यावर पूर्ण पगार मिळतो, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. ४५ दिवसांसाठी ९० अर्धवेतनी लागतील. ही रजा वर्षाला २० दिवस (जानेवारीत १०, जुलैत १०) जमा होत असल्याने काही वर्षांच्या सेवेत ९० सहज साठतात. अर्जित रजा शिल्लक राहिली तर निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत तिचे पैसे मिळतात, म्हणून तिला हात न लावणं बरं. तपासण्यांसाठी नैमित्तिक रजा घेऊन तिलाच लागून ही रजा जोडायला जाऊ नका. नैमित्तिक रजा इतर रजेला जोडता येत नाही, आणि प्रस्ताव परत येण्याचं हे ठरलेलं कारण. रुजू होताना योग्यता प्रमाणपत्र (कामाला तंदुरुस्त असल्याचं) लागेल. ते डिस्चार्जच्या कागदात नसतं, शेवटच्या तपासणीला गेल्यावर वेगळं मागून घ्या.