रेट पाडू नकोस, आधी यादी काप

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि लग्नाच्या डेकोरेशनच्या तीन कोटेशनचे फोटोही झूम करून बघितले. घासाघीस कशी करायची विचारतेयस, पण आत्ता ती करताच येणार नाही, कारण तू तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यायस. एकाच्या कागदावर खुर्च्या आणि लाइट धरलेत, दुसऱ्याने दोन्ही सोडलेत, तिसऱ्याने तर "संपूर्ण डेकोरेशन" एवढंच लिहून खाली आकडा ठोकलाय. तिसरा महाग वाटतो खरा, पण कदाचित तोच स्वस्त असेल, कुणी सांगावं. एका कागदावर तुला काय काय हवंय ते लिही आणि तोच कागद तिघांना पाठव, प्रत्येक ओळीसमोर वेगळा आकडा माग. जो वेगळे आकडे द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे मी तरी गेलो नसतो.

तुला माहितीये, मी बरीच वर्षं या धंद्याच्या पलीकडच्या बाजूला होतो, डेकोरेशन करायचो. म्हणून एक कबुली देतो. लोक यायचे, नुसतंच "काहीतरी कमी करा ना" म्हणायचे, आणि मी थोडे आढेवेढे घेऊन 10 टक्के कमी करायचो, ते खूश. मग कामाच्या दिवशी फुलं कमी आणि हिरवा पाला जास्त, मागच्या बाजूचं कापड गेल्या सीझनचं, माणसं सहाऐवजी चार. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. फसवलं असं मला तेव्हा वाटायचं नाही, कारण पैसे कमी दिले की माल कमी, हा सरळ हिशोब होता, फक्त कुठलं कमी करायचं ते मी ठरवत होतो, ते नाही. तुला वाचवायचं असेल तर ते तू ठरव.

एकाच बाईला मी खऱ्या अर्थाने स्वस्तात पडलो होतो. मुलीच्या लग्नासाठी आली, छोटी वही घेऊन, आणि रेट विचारायच्या आधी म्हणाली, तुमच्या गोडाऊनमध्ये आत्ता तयार काय पडलंय ते दाखवा. मी दाखवलं. तिने त्यातलीच कमान निवडली, त्यातलेच पडदे, आणि ताजी फुलं फक्त जिथे फोटो निघणार तिथे. मग विचारलं, आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये तुमचं काम आहे का? होतं. म्हणजे सांगाडा उभाच राहणार होता, टेम्पोची एक फेरी आणि रात्रीची मजुरी वाचत होती, ती मी तिला मुकाट सोडली. आमचा पैसा जातो तो नवीन बनवण्यात, ताज्या फुलांत, वाहतुकीत आणि माणसांत. फुलं साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून ज्या दिवशी गावभर लग्नं त्या दिवशी त्यांचा भाव चढतो, आणि तो आम्ही तुमच्याकडूनच काढतो. तारीख आठवड्याच्या मधली किंवा सीझनबाहेरची चालत असेल तर तेवढ्यानेच सगळ्यांचे आवाज मऊ होतात.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, माणसं. पाहुण्यांची यादी 400 वरून 320 वर आणलीस तर जेवणाचा खर्च थेट 20 टक्के उतरतो, आणि हॉल लहान चालतो, लहान हॉलला सजावट कमी लागते, सगळंच खाली येतं. आपण मात्र फुलांच्या रंगावर तास घालवतो आणि यादीवर पाच मिनिटं, कारण यादी कापायला बसलं की घरात भांडण होतं (होऊ दे, एकदाच होतं).

केटररशी बोलताना "गॅरंटी" किती ताटांची ते नीट ठरव. 300 ची गॅरंटी दिलीस आणि 260 आले तर पैसे 300 चेच जातात. उलट 270 ची दे आणि वरचं प्रत्येक ताट त्याच रेटने, 30 पर्यंत, असं लिहून घे. अंतिम आकडा कळवायची शेवटची तारीख कुठली तेही विचार, ती जितकी उशिराची तितकं तुझं बरं.

फोटोग्राफरच्या बाबतीत तास बघ. "10 तास" म्हणजे कधीपासून? सकाळी 6 ला मेकअपपासून मोजले तर दुपारी 4 ला संपले, आणि तुझा कार्यक्रम संध्याकाळी. मग ओव्हरटाइम, आणि तो त्या क्षणी ठरतो तेव्हा कुणीही नाही म्हणू शकत नाही. अल्बम आत्ता घेऊच नकोस, फोटोंच्या मूळ फाइल्स मिळतील एवढं पक्कं कर, अल्बम सहा महिन्यांनी सावकाश करता येतो. हॉलवाल्याला विचार: रेट कर धरून की सोडून, जनरेटर आणि सफाई आत की वर, बाहेरचा केटरर आणला तर वेगळे पैसे आहेत का, आणि डिपॉझिट कधी परत.

बोलायला घरातला एकच माणूस जाऊ दे. मी कितीदा बघितलंय, मुलगी छान घासाघीस करत असते आणि शेजारी बसलेले काका म्हणतात "आम्हाला तर फार आवडलं हो", झालं, माझं काम सोपं. "दुसरी पार्टी हीच तारीख मागतेय" हे ऐकशील. कधी खरं असतं, कधी मी नुसतंच म्हणायचो. तू म्हण, दोन दिवस तारीख धरून ठेवा, मेसेज टाका तसा.

पैसे टप्प्यात दे, बुकिंगला पाव, मधे थोडे, आणि शेवटचा हप्ता काम झाल्यावर. सगळे आधी देऊ नकोस, अगदी ओळखीचा असला तरी, ओळखीच्याला तर नाहीच. तारीख पुढे गेली तर किती परत, माणूस आजारी पडला तर बदली कोण, हे मेसेजवर का होईना लिखित हवं. आणि काम झाल्यावर ठरलेल्यातून कापू नकोस, वाढपी आणि लाइटवाल्या पोरांशी तर घासाघीस करूच नकोस, तिथे वाचून वाचणार किती.

एकूण बजेटमधला दहावा भाग कुणालाच न सांगता बाजूला ठेव. घरच्यांनाही.

शनिवारी फोन कर, पण त्याआधी यादी 320 वर आण आणि त्या तिसऱ्याकडून आयटमवार आकडे घेऊन ठेव, मग बसू हिशोबाला.

तुझा काका