विहीर बुजवणार कोण, ते पहिल्या पानावर लिही

प्रिय बाळा,

परवा रात्री तुझा मेसेज वाचला आणि खूप बरं वाटलं बघ. विधिमंडळाच्या रिसर्च स्टाफमध्ये लागलीस आणि लागल्या लागल्या आमदारांसाठी नॅचरल गॅसवर नोट लिहायचं काम आलं, तू धास्तावलीयेस ते कळतंय. पण अगं, अमेरिकेत गॅसचे कितीतरी निर्णय राज्यातच होतात, त्यामुळे तुझ्या त्या आठ-दहा पानांना वजन आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या पाइपलाइनचं वॉशिंग्टन बघतं, बाकी परमिट कोणाला, गॅसची विहीर घरापासून किती लांब, तिच्या केसिंगचं (आतल्या पोलादी नळीचं) सिमेंट कसं, टॅक्स किती, हे बहुतेक राज्यच ठरवतं. त्यात 2005 च्या एनर्जी पॉलिसी अ‍ॅक्टने फ्रॅकिंगला, म्हणजे पाणी-वाळू-रसायनं जोराने दाबून खडक फोडायच्या पद्धतीला, पिण्याचं पाणी राखणाऱ्या सेफ ड्रिंकिंग वॉटर अ‍ॅक्टच्या परमिटमधून वगळलं, डिझेल वापरलं तरच ते लागतं, म्हणजे जमिनीखालचं पाणी राखायचं कामही राज्याच्याच गळ्यात.

22 वर्षं हेच काम केल्यावर तुला एकच गोष्ट मनापासून सांगते. गॅसचा पैसा आधी येतो, बिल नंतर. मध्ये वीस-तीस वर्षं जातात, आणि तोवर नोट लिहिणारा, मत देणारा, सही करणारा, कोणीच जागेवर नसतो. म्हणून विहीर शेवटी बुजवणार कोण आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न पहिल्या पानावर घे, शेवटच्या परिशिष्टात ढकलू नकोस.

मी हे कुठे शिकले सांगते. पश्चिम पेनसिल्व्हेनियात एका शेतकऱ्याने मला त्याच्या गवताच्या रानात नेलं, तिथे गंजलेला, मनगटाएवढा जाड पाइप जमिनीतून वीतभर वर आलेला, त्याने बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि पाणी बुडबुडायला लागलं, थांबेचना. विहीर कोणाची, कधीची, काही कागद नाही. त्या राज्यात 1859 ला टायटसव्हिलला तेल लागलं तेव्हापासून जमिनीला भोकं पाडणं चालूये आणि पहिली कित्येक दशकं नोंदी धड ठेवल्याच गेल्या नाहीत. तो म्हणाला, आजोबा याला वळसा घालून नांगरायचे, वडील पण, आता मी पण. तीन पिढ्या! आणि तो बुडबुडणारा गॅस म्हणजे मिथेन, जो पहिल्या 20 वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

आता हे जुनं झालं असं कोणी म्हणेल, तर त्याला बाँडचा हिशोब दाखव. कंपनी विहीर खणताना राज्याकडे बाँड, म्हणजे ती बुजवायची हमी म्हणून रक्कम, ठेवते, पण बऱ्याच ठिकाणी एकच ब्लँकेट बाँड शेकडो विहिरींना चालतो, मग दर विहिरीमागे जी रक्कम पडते त्यात बुजवायचा खर्च निघतच नाही. शेल विहिरीचं, म्हणजे जिथे शेल खडक फ्रॅकिंगने फोडून गॅस काढतात तिचं, उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने उतरतं, मग मोठी कंपनी ती छोटीला विकते, छोटी त्याहून छोटीला, आणि शेवटचा मालक दिवाळखोरीत गेला की विहीर बेवारस. मग लोकांच्या पैशातून बुजवायची. 2021 च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात केंद्राने अशा बेवारस विहिरींसाठी 4.7 अब्ज डॉलर ठेवले, ते कोणाच्या खिशातले? टॅक्स भरणाऱ्यांचेच ना. तर विहिरीची मालकी बदलताना बाँड नव्याने घेतात का, हे तुझ्या राज्याच्या नियमांत शोधून काढ, हा एक मुद्दा तू नीट मांडलास तरी खूप झालं.

उत्पन्नाच्या अंदाजात माझी चूक करू नकोस. 2008 च्या उन्हाळ्यात हेन्री हबचा भाव, म्हणजे अमेरिकेत गॅससाठी प्रमाण धरला जाणारा बाजारभाव, दहा लाख बीटीयूला (हे उष्णतेचं माप) 13 डॉलरच्या आसपास गेला होता, आम्ही तो तेजीतला भाव धरून पुढच्या वर्षांचे आकडे काढले आणि त्यावर शाळांचा खर्च मंजूर झाला. 2012 च्या एप्रिलमध्ये भाव 2 डॉलरच्या खाली. विहिरी वाढलेल्या, गॅस वाढलेला, आणि तिजोरीत खड्डा. त्या वर्षी ज्या शिक्षकांच्या जागा गेल्या त्यांची यादी मी अजून विसरले नाहीये. म्हणून एक आकडा देऊ नकोस, तीन भाव धरून तीन आकडे दे, आमदार कुरकुरतील, कुरकुरू देत.

टॅक्स कसा लावायचा यातही फरक आहे. टेक्सास गॅसच्या बाजारभावावर 7.5 टक्के घेतं, म्हणजे भाव पडला की उत्पन्न पडतं. पेनसिल्व्हेनियात सेव्हरन्स टॅक्सच, म्हणजे जमिनीतून काढलेल्या गॅसवरचा टॅक्सच, नाही, 2012 च्या अ‍ॅक्ट 13 ने दर शेल विहिरीवर इम्पॅक्ट फी लावली, विहिरीचं वय आणि गॅसचा भाव बघून, आणि त्यातला मोठा वाटा जिथे खणतात त्या काउंटी आणि गावांना जातो. रस्ते त्यांचेच उखडतात, तेव्हा हे मला न्यायाचं वाटतं. नॉर्थ डकोटाने मात्र सगळ्यात शहाणपणाचं केलं असं माझं ठाम मत आहे, 2010 ला लोकांनी मतदान करून तेल-गॅसच्या टॅक्समधला 30 टक्के लेगसी फंडात, म्हणजे पुढच्यांसाठी राखून ठेवलेल्या निधीत, टाकायचं ठरवलं आणि 2017 पर्यंत त्याला हातच लावायचा नाही अशी अटही घातली.

रोजगाराचे आकडे कंपनीच्या रिपोर्टमधून जसेच्या तसे उचलू नकोस. खणायच्या वेळी शेकडो माणसं येतात, घरभाडी चढतात, विहीर एकदा चालू झाली की पिकअप घेऊन फेरी मारणारा एखादा माणूस पुरतो. आणि रॉयल्टीच्या, म्हणजे गॅसच्या विक्रीतून जमीनमालकाला मिळणाऱ्या वाट्याच्या, जोरावर गाव सुधारलं म्हणणाऱ्याला रॉयल्टीचं स्टेटमेंट दाखवायला सांग. मी एका आजींचं बघितलंय, गॅदरिंग, कॉम्प्रेशन, डिहायड्रेशन (गॅस गोळा करायचा, दाबायचा, सुकवायचा खर्च) असं एकेका ओळीत वजा होत होत हातात पडला तो चेक बघून त्या नुसत्या गप्प बसल्या.

ओक्लाहोमाचं प्रकरण पण वाच. तिथे भूकंप मुख्यतः फ्रॅकिंगने नाही, तर तेल-गॅसबरोबर वर येणारं खारं पाणी परत खोल जमिनीत दाबल्याने वाढले, सप्टेंबर 2016 ला पॉनीजवळ 5.8 चा झाला, आणि नियामकांनी पाणी दाबणं कमी करायला लावल्यावर भूकंपही कमी झाले. नियम वेळेत केला तर काम करतो, हे आमदारांना याहून सोपं करून सांगता येणार नाही. टेक्सासचा फेब्रुवारी 2021 उलटा. कडाक्याच्या थंडीत विहिरी आणि गॅसची यंत्रं गोठली, काही ठिकाणी गॅस पुरवणाऱ्या यंत्रांचीच वीज कापली गेली कारण ती महत्त्वाच्या यादीत नोंदलेलीच नव्हती, आणि राज्याच्या अधिकृत मोजणीत 246 माणसं गेली. एक फॉर्म भरला नाही म्हणून असंही होऊ शकतं गं.

लिहायला बसायच्या आधी एक दिवस काढ आणि एखादी चालू विहीर आणि एखादी बेवारस, दोन्ही बघून ये, सोबत इन्स्पेक्टरला घे आणि त्याला विचार की तो एकटा किती विहिरी बघतो. तो आकडा पण नोटमध्ये घाल. मग ड्राफ्ट मला पाठव, मी आधी बाँडचा तक्ता बघेन, बाकी नंतर.

तुझी,
मावशी