मुलाची संगत सुधारावी म्हणून शाळा बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, त्याचा ग्रुप अभ्यासात मागे आहे आणि त्यांच्या नादाने पुढे त्याचं शिक्षण, तब्येत, नोकरी सगळंच बिघडेल अशी धास्ती वाटते. धास्ती अगदीच निराधार नाही. तरी केवळ एवढ्यासाठी शाळा बदलू नका, असं मी कळकळीने सांगेन. मी स्वतः याच वयाच्या मुलांना शिकवते.

संगतीचा परिणाम मोजणं अवघड, कारण मुलं मित्रही आपल्यासारखेच निवडतात. दोघे मित्र नापास झाले, तर एकाने दुसऱ्याला बिघडवलं की दोघे आधीपासूनच तसे होते? हुशार मुलांत नेऊन बसवलं की मूल सुधारेल, ही कल्पना अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत प्रत्यक्ष करून पाहिली गेली. मागे पडण्याची शक्यता असलेल्यांना भरपूर हुशार सोबती मिळतील अशा तुकड्या मुद्दाम बांधल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटाच निघाला: या मुलांचे गुण घसरले. तुकडी एकच असली तरी हुशार मुलं हुशारांत मिसळली आणि मागची आपापसांत. शाळा तुम्ही निवडू शकता, मित्र तोच निवडणार.

त्याहून मोलाचा अभ्यास मला लॉस एंजेलिसच्या शाळांमधला वाटतो (२०१५). कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा मोफत कोर्स देऊ केला होता. काही मुलांना सांगितलं, तुमचा निर्णय वर्गातल्यांना कळू शकेल. काहींना सांगितलं, कुणालाच कळणार नाही. साध्या वर्गांत (म्हणजे खास हुशारांसाठी नसलेल्या) ‘कळेल’ म्हटल्यावर नाव देणारी मुलं शंभरामागे अकराने कमी झाली. म्हणजे शिकायची इच्छा होती, चारचौघांत ती दाखवायची चोरी होती. तुमच्या मुलाचंही असं असू शकेल. त्याला मित्रांच्या नजरेआड अभ्यास करता येईल अशी सोय करा, आणि त्याच्यासमोर मित्रांना नावं ठेवू नका. मग तो त्यांचीच बाजू घेतो.

तब्येतीबद्दल फार घाबरू नका. मित्र लठ्ठ झाला की आपणही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, हा २००७ चा निष्कर्ष खूप गाजला. पण पुढच्याच वर्षी दोन संशोधकांनी तशाच पद्धतीने मुरुमं, डोकेदुखी, अगदी उंचीसुद्धा मित्राकडून ‘पसरते’ असं दाखवून त्या पद्धतीतली खोट उघड केली. व्यसनाची गोष्ट मात्र वेगळी, तिथे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावंच लागतं.

नोकरीच्या बाबतीत जिवलग मित्र अनेकदा कमी पडतात, कारण आपल्याला जे ठाऊक तेच त्यांनाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं की नोकरीची खबर बरेचदा जुजबी ओळखीतून येते. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळावर दोन कोटींहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगातही (२०२२) फार घट्ट नाही, अगदी तुटकही नाही, अशा ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. म्हणून आहे तो ग्रुप तोडण्यापेक्षा त्याला आणखी एक वर्तुळ मिळवून द्या: मैदान, वाचनालय, एखादं वाद्य, जिथे वेगळ्या घरांतली, वेगळ्या वयाची माणसं भेटतील.

ग्रुपमध्ये मारहाण, छळ किंवा व्यसन असेल आणि शाळा दाद देत नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि वर्ष संपायची वाट न पाहता शाळा बदला.