हिंगणघाटची कबर, सातबारा आणि झिरो माईल

प्रश्न : हिंगणघाट येथे लॅम्बटन नावाच्या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याची कबर आहे. आमच्या सातबाऱ्यावरील क्षेत्र याच साहेबाने मोजले आणि नागपूरचा झिरो माईलचा स्तंभही त्यानेच उभारला, असे जुनी मंडळी सांगतात. हे खरे आहे काय?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. ‘सर्व्हे’ या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळी कामे घालतो, तेथून हा घोटाळा सुरू होतो. सातबाऱ्याचा संबंध महसुली मोजणीशी आहे. मोजणीदाराची साखळी पूर्वी ३३ फुटांची असे आणि तिचे १६ भाग असत, त्यांना आणे म्हणत. ३३ फूट लांब आणि तितकीच रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. विल्यम लॅम्बटन वारला तेव्हा हिंगणघाट नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, आणि तिथली इंग्रजी पद्धतीची शेतवार मोजणी ते राज्य खालसा झाल्यानंतरची आहे.

लॅम्बटनला कोणाच्या बांधाशी कर्तव्य नव्हते. त्याला पृथ्वीचा आकार हवा होता. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल, तर अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्तापासून दूर जाताना वाढत गेली पाहिजे, आणि हे ताडून पाहण्यासाठी दक्षिणोत्तर लांबच लांब अंतर अचूक मोजणे भाग होते. म्हणून १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा, म्हणजे पुढच्या त्रिकोणांची पहिली बाजू, मोजायला घेतली. तेवढ्या अंतराला ५७ दिवस लागले, कारण उन्हाने पोलादी साखळी वाढते. ती लाकडी पेट्यांत ठेवून जवळच्या थर्मामीटरवरून प्रत्येक वेळी हिशेब दुरुस्त करावा लागे. एकदा ही बाजू पक्की झाली, की पुढे केवळ कोन मोजायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचे.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते. इंग्लंडहून येताना ते जहाजासकट फ्रेंचांच्या हाती पडले आणि मॉरिशसला जाऊन परत आले. पुढे १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन वाचायचे वर्तुळच वाकले. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्यांच्या साहाय्याने ते केसाकेसाने पूर्ववत केले. आमच्या मते या माणसाची ओळख पटायला एवढा एक प्रसंग पुरे आहे. त्याचा मदतनीस आणि नंतरचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याचे नाव शिखरामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्याने कामाचा पाया घातला, त्याच्या वाट्याला मात्र हिंगणघाटची कबर आली.

राहिला झिरो माईल. तो स्तंभ याच सर्वेक्षण परंपरेतला खरा, परंतु तो १९०७ सालचा असून ठिकठिकाणच्या उंचीची तुलना करण्यासाठी प्रमाण खूण म्हणून उभारलेला आहे. सत्तरीला टेकलेला लॅम्बटन हैदराबादहून आपले ठाणे नागपूरला हलवायला निघाला होता. २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. नागपूर तेथून पाऊणशे किलोमीटरवर होते.