घरी शिसं ओतायचंय? आधी बॅटरी बाजूला ठेवा आणि पाऊस संपू द्या

तुमचा प्रश्न वाचला. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडून आहे, ती फोडून आतल्या शिशाच्या गोळ्या पागासाठी (म्हणजे हाताने फेकायच्या मासेमारीच्या जाळ्यासाठी) करायच्यात, किचनच्या गॅसवर जमेल का, साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा चालेल का, आणि घरात ४ वर्षांची मुलगी आहे. मी रत्नागिरीकडे खाडीकाठी राहतो आणि बरीच वर्षं पागाची, गरीची वजनं स्वतःच ओततो, त्यामुळे करूच नका असं सरसकट नाही सांगणार, पण तुम्ही लिहिलंय तसं मात्र अजिबात करू नका.

बॅटरी फोडायचीच नाही. आत ॲसिड असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्लेट म्हणजे नुसतं शिसं नव्हे, जाळीवर शिशाच्या ऑक्साइडची आणि सल्फेटची पेस्ट थापलेली असते, ती नीट वितळत नाही, तिची भुकटी होऊन उडते. जाळीच्या शिशात अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असलं काय काय मिसळलेलं असतं आणि वितळवताना वर जी मळी, म्हणजे कचऱ्याची साय, येते तिला नंतर ओल लागली की आर्सिनसारखा जीवघेणा वायू सुटू शकतो. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय-सूर-मेर म्हणून वस्ती आहे, तिथे लोक जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं घराच्या आसपासच काढायचे, नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात तिथली १८ लहान मुलं गेली. विष अंगणातल्या मातीत आणि घरातल्या धुळीत होतं. तुमची बॅटरी जशी आहे तशी, उभीच ठेवून, नवीन घेताना दुकानदाराला द्या, तो किंमतीत वजा करतो.

शिसं घ्यायचं तर जुन्या केबलचं आवरण, फाटलेल्या पागाच्या गोळ्या किंवा टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं घ्या. यातली वजनं हल्ली बरीचशी जस्ताची नाहीतर लोखंडाची असतात, कटरने दाबून बघा, शिसं लोण्यासारखं कापलं जातं, जस्त दाद देत नाही. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि जस्त ४१९ ला, म्हणजे आच हळू ठेवली तर जस्त, लोखंड न वितळता वर तरंगतं, पळीने काढून टाकायचं.

आता पाणी. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब जरी सापडला तरी त्याची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते आणि अख्खी कढई तोंडावर येते. एका ऑगस्टमध्ये मी पडवीत ठेवलेला साचा घेतला, हाताला कोरडा लागत होता, पहिलीच पळी ओतली आणि फट्दिशी शिसं माझ्या डोक्याच्या वर उडालं. गॉगल होता म्हणून डोळे वाचले, मानेवर डाग अजून आहे. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी शिशाला हातच लावत नाही. साचा आणि पळी दोन्ही आधी चुलीजवळ चांगली तापवून घ्यायची, भंगार कायम थंड रिकाम्या कढईत भरायचं आणि मग आच लावायची, वितळलेल्यात वरून नवीन तुकडा टाकायचा नाही. सिमेंटच्या कोब्यावरही काम नको, सांडलं तर कोब्यातल्या ओलीने तडतडून उडतं, खाली कोरड्या वाळूचा जाड थर घाला.

म्हणूनच प्लास्टरचा साचा मला पटत नाही. उन्हात कितीही वाळवा, त्याच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पाणी रासायनिक रूपात आतच धरलेलं असतं आणि ते शिशाच्या उष्णतेने बाहेर येतं. ॲल्युमिनियमचा साचा करून घ्या, आतून दिव्याची काजळी धरली की गोळी सुटून येते. कढई मात्र ॲल्युमिनियमची नको, पत्र्याची बादली तर नकोच, बिडाची किंवा जाड लोखंडाची घ्या, तिला बाहेरून लाल रंग मारा म्हणजे पुढे कुणी चुकून तिच्यात स्वयंपाक करणार नाही.

जागा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, पोरं आणि कोंबड्या लांब. मळी काढल्यावर शिशाचा चकचकीत पृष्ठभाग लगेच पिवळा-जांभळा-निळा व्हायला लागला तर फार तापलंय, आच कमी करा, कारण जितकं जास्त तापेल तितका धूर आणि ऑक्साइड जास्त. फडक्याचा मास्क उपयोगाचा नाही. कातडी हातमोजे, पूर्ण बूट, सुती फुल पँट, सिंथेटिक काहीही नको. अंगावर उडालंच तर चिकटलेलं ओढू नका, २० मिनिटं साध्या पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा, टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

पण भाजलेलं दिसतं तरी, धूळ दिसत नाही. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी जवळजवळ निम्मं शोषून घेतं, मोठा माणूस दहावा हिस्सा, आणि ते हाडांत वर्षानुवर्षं बसून राहतं. आपल्याकडे लोक गोळी दातानं दाबून दोरीला बसवतात, त्याच हाताने तंबाखू मळतात, हे आधी थांबलं पाहिजे. काम झालं की हात साबणाने धुवा, कपडे बाहेरच काढून वेगळे धुवा, आणि त्याआधी मुलीला उचलून घेऊ नका. घरात कुणी गरोदर असेल तर या वर्षी राहू द्या, तयार गोळ्या विकत मिळतात. मळी झाकणाच्या डब्यात भरून भंगारात द्या, चुलीतल्या राखेसारखी माडाच्या आळ्यात ओतू नका.

आणि प्लेटा आधीच काढून झाल्या असतील तर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं फेकून द्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवून मुलीच्या रक्तातल्या शिशाची टेस्ट या आठवड्यातच करून घ्या.